नेझेम : नाकातलं की कानातलं?

बायबलमधल्या 'उत्पत्ती' या पुस्तकाच्या 24व्या अध्यायावरून एक वाद होतो: अब्राहामाच्या सेवकाने विहिरीवर रिबका नावाच्या मुलीला दिलं ते कानातलं होतं की नाकातलं. मूळ हिब्रू शब्द 'नेझेम', आणि त्याचा अर्थ नुसता 'कडी'. ती कुठे घालायची हे शब्द सांगत नाही. आपली वाळी कशी, कानातही चालते आणि नाकातही, तसंच.

म्हणून आजूबाजूचं वाक्य बघायचं. बायबलच्याच 'निर्गम' पुस्तकात, 32व्या अध्यायात, सोन्याचं वासरू ओतायला मोशेचा भाऊ अहरोन जे दागिने मागतो ते नेझेमच, पण 'कानांतले' असं स्पष्ट म्हटलंय. नीतिसूत्रे 11:22मध्ये नेझेम डुकराच्या नाकात आहे, तिथे वादच नको. रिबकेचं म्हणाल तर 22व्या ओवीत जागा दिलेली नाही, पण 47व्या ओवीत तोच सेवक सांगतो, 'मी तिच्या नाकात घातली.' एवढं पुरे आहे, खाली वाचलंच नाही तर भांडण होणार! यहेज्केल 16:12 तर दोन्ही वेगळे करतो: नाकात नेझेम, कानांत 'अगील'. आजच्या हिब्रूतही हीच वाटणी आहे.

वजनाची गंमत राहिली. नेझेम अर्ध्या शेकेलाची. शेकेल हे तेव्हाचं वजनाचं माप, साधारण 11.4 ग्रॅमचं, म्हणजे जवळपास आपला जुना तोळा. नाकात अर्धा तोळा सोनं, वर दोन बांगड्या मिळून दहा तोळे. पाहुण्याने हात आखडता घेतला नव्हता.