फ्लॅटचे फोटो आणि डोंगरातले फोटो: एचडीआर कुठे आणि किती? सल्ला हवा

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. मी नाशिकचा. ट्रेकला जाऊन फोटो काढायची आवड जुनीच आहे. आता एका ओळखीच्या एजंटने रीसेल फ्लॅटचे फोटो काढायचं काम देऊ केलंय. कॅमेरा कॅनन २००डी मार्क २, लेन्स १०-१८, ट्रायपॉड बऱ्यापैकी भक्कम.

अडचण अशी की हॉल नीट दिसेल असं एक्स्पोजर ठेवलं की बाल्कनीचं दार पांढरंफटक होतं आणि बाहेरचं दृश्य धरलं की सोफा अंधारात जातो. एजंटला मात्र दोन्ही हवंय. एचडीआर (वेगवेगळ्या उजेडाच्या फ्रेम जोडून एक फोटो) करून पाहिलं, तर भिंती मळकट राखाडी आणि फरशी प्लास्टिकसारखी दिसते. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून काढलेल्या सूर्यास्ताचंही तेच झालं, डोंगराच्या कडेला पांढरी प्रभावळ आली. फ्रेम किती घ्यायच्या, सॉफ्टवेअर कोणतं वापरायचं, आणि दोन्हीकडे एकच पद्धत चालते का? फ्लॅश सध्या नाही, गरज असेल तर घेईन.

खिडकीबाहेर

बरीच वर्षं इंटिरियरचे फोटो काढतोय, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी आकड्यांत बघा. दुपारी हॉलमध्ये एफ/८, आयएसओ १०० ला साधारण अर्धा सेकंद शटर लागतं. त्याच वेळी बाहेरच्या उन्हातल्या इमारतीला १/४०० पुरतं. हा फरक जवळजवळ आठ स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). तुमच्या कॅमेऱ्यात ब्रॅकेटिंगच्या (एकच दृश्य वेगवेगळ्या एक्स्पोजरला टिपणं) तीनच फ्रेम मिळतात, -२, ० आणि +२. खिडकीसाठी त्या कमी पडतात. म्हणून मॅन्युअल मोडवर राहा, तीन फ्रेमचा संच घ्या, मग फक्त शटर बदलून -४ आणि -६ अशा दोन जादा फ्रेम काढा. अॅपर्चर आणि फोकस मध्येच हलवू नका. पुरेशा फ्रेम झाल्या का ते हिस्टोग्राम (डावीकडे गडद, उजवीकडे उजळ असा उजेडाचा आलेख) सांगतो: सर्वांत गडद फ्रेममध्ये खिडकीचा भाग उजव्या कडेला चिकटलेला नसावा आणि सर्वांत उजळ फ्रेममध्ये सोफ्याखालची सावली डाव्या कडेपासून सुटलेली असावी. २ सेकंदांचा टायमर लावला की तिन्ही फ्रेम पाठोपाठ आपोआप निघतात, बटणाला हात लावायला नको. ट्रायपॉडवर लेन्सचं स्टॅबिलायझेशन बंद ठेवा.

आता भिंती मळकट का होतात ते. तुम्ही खोली आणि खिडकी एकाच उजेडाला आणून ठेवताय. प्रत्यक्षात खिडकी खोलीपेक्षा कितीतरी उजळ असते आणि बघणाऱ्याला ते ठाऊक असतं. उजेडाची उतरंड टिकली पाहिजे: खिडकी सर्वांत उजळ, मग तिच्याजवळची फरशी, मग भिंत, शेवटी कोपरा. अंतर कमी करा, पण क्रम मोडू नका. बाहेरचं झाड ओळखू आलं की पुरे, त्याची पानं मोजता यायला नकोत.

शूट सुरू करण्याआधी पंखे बंद करा, नाहीतर अर्ध्या सेकंदाच्या फ्रेममध्ये पाती पुसट येतात आणि जोडताना तिथे घाण होते. पडदे बांधून ठेवा. दिवेही शक्यतो बंदच. पिवळा एलईडी, पांढरी ट्यूब आणि खिडकीतला निळसर उजेड एकाच भिंतीवर पडला की कोणताही व्हाइट बॅलन्स लागू पडत नाही. एजंटने दिवे लावायचा आग्रहच धरला तर सगळे एकाच रंगाचे लावा. शिवाय काही एलईडी लुकलुकतात, वेगवान शटरच्या फ्रेममध्ये आडवे पट्टे दिसतात.

कॅमेरा छातीच्या थोडा खाली आणि अगदी लेव्हलमध्ये, म्हणजे चौकटी सरळ उभ्या राहतात. स्वयंपाकघरात मात्र ओट्याचा वरचा भाग जेमतेम दिसेल इतकी उंची घ्या. १० मिमीवर हॉल मैदानाएवढा दिसतो आणि कडेची खुर्ची ताणली जाते. शक्य तिथे १२-१४ वापरा.

उजेडवाट

सॉफ्टवेअरबद्दल मी सांगते. लाइटरूम असेल तर त्यातलं एचडीआर मर्ज वापरा. ते जोडून पुन्हा रॉसारखीच (सेन्सरची कच्ची माहिती जपणारी) फाइल देतं, पुढचं एडिटिंग नेहमीच्या स्लायडरवर. ट्रायपॉडवरच्या रिकाम्या खोलीला डीघोस्ट (हलत्या गोष्टींच्या दुहेरी प्रतिमा काढणारा पर्याय) बंद ठेवा.

पैसे घालायचे नसतील तर एनफ्यूज बघा, हगिन या पॅनोरमा जोडायच्या सॉफ्टवेअरबरोबर फुकट मिळतं. ते एक्स्पोजर फ्यूजनवर चालतं. २००७ मध्ये मर्टेन्स, काउट्झ आणि व्हॅन रीथ यांनी ही पद्धत मांडली. यात आधी एचडीआर प्रतिमा बनवून मग टोनमॅपिंगने (उजेडाचा मोठा पल्ला स्क्रीनवर मावेल असा आवळणं) दाबायची भानगड नाही, प्रत्येक फ्रेममधला नीट उजेड पडलेला भाग तेवढा वजन देऊन मिसळला जातो. त्यामुळे निकाल बहुधा सौम्य येतो आणि फ्लॅटच्या कामाला तोच हवा असतो. तुम्ही सांगताय ती प्लास्टिक फरशी टोनमॅपिंगचा जोर वाढवल्यामुळे येते. क्लॅरिटीला (मधल्या छटांचा काँट्रास्ट वाढवणारा स्लायडर) तर खोलीच्या फोटोत मी हातच लावत नाही.

खिडकीबाहेर

बरोबर. फ्लॅशचं राहिलंच होतं. तो घ्याच, पण कॅननशी जुळणाराच घ्या; तुमच्या कॅमेऱ्याच्या हॉट शूला (फ्लॅश बसवायची खाच) मधला संपर्क नसल्याने साधा मॅन्युअल फ्लॅश त्यावर उडत नाही. फ्लॅश चालू असताना तुमच्या कॅमेऱ्यात ब्रॅकेटिंग होत नाही, म्हणून त्याची फ्रेम वेगळी काढायची. छताकडे तोंड करून उडवलेली एक फ्रेम भिंतीचा खरा रंग देते, ती नैसर्गिक उजेडाच्या फ्रेमबरोबर मिसळली की राखाडीपणा जातो.

खिडकीसाठीची युक्ती अशी: बाहेरच्या दृश्याला बरोबर बसेल असं एक्स्पोजर लावा (फ्लॅशबरोबर शटर १/२०० पेक्षा वेगवान नको) आणि फ्लॅश खिडकीच्या चौकटीवर मारा. मग फोटोशॉपमध्ये हा लेयर वर ठेवून ब्लेंड मोड ‘डार्कन’ करा आणि मास्कने फक्त खिडकीवर रंगवा. चौकट फ्लॅशने उजळलेली असल्यामुळे ती तशीच राहते, केवळ काचेतलं दृश्य खाली उतरतं. ग्रिलच्या गजांभोवती एक एक करून मास्क करत बसावं लागत नाही. काचेत फ्लॅशचं प्रतिबिंब आलं तर दोन पावलं बाजूला सरका.

कातळकडा

डोंगराचं मी बोलतो. गोदाकाठ, तिथे पद्धत वेगळी हवी.

खोलीत काहीच हलत नाही. सह्याद्रीत सगळंच हलतं. कासला वाऱ्यावर तेरडा डोलत असतो, पावसाळ्यात दरीतून ढग वर येत असतात. तीन फ्रेम जोडल्या की फुलांची भुतं उभी राहतात. अशा ठिकाणी एकच रॉ घ्यावी, आकाश जळणार नाही इतकं गडद एक्स्पोजर ठेवावं आणि सावल्या नंतर उचलाव्यात. आजचा सेन्सर एवढं सहज सोसतो.

कोकणकडा पश्चिमेकडे तोंड करून आहे. संध्याकाळी सूर्य थेट फ्रेममध्ये आणि खाली कोकणात उतरलेली दरी सावलीत, तिथे मात्र ब्रॅकेटिंग हवंच. पण जोडणी सॉफ्टवेअरवर सोडू नका. आकाशाची एक आणि कड्याची एक अशा दोनच फ्रेम घ्या आणि ल्युमिनॉसिटी मास्कने (उजेडाच्या पातळीनुसार भाग निवडणारा मास्क) हाताने मिसळा. प्रभावळ येते ती डोंगराच्या धारेवर, कारण उजेडातला मोठा फरक तिथेच असतो. मास्कची कड तिथे मऊ ठेवून दोनशे टक्के झूम करून तपासा. ही कल्पना नवी नाही. गुस्ताव्ह ल ग्रे हा फ्रेंच छायाचित्रकार १८५०च्या दशकात समुद्राची एक निगेटिव्ह आणि आकाशाची दुसरी वापरून एकच प्रिंट काढत असे.

ग्रॅज्युएटेड फिल्टर (वरचा भाग गडद, खालचा पारदर्शक अशी काच) घ्या असं कुणी सुचवेल. समुद्रकिनाऱ्यावर, सपाट क्षितिजाला तो उत्तम. लिंगाण्यासारखा सुळका मध्ये आला की त्याचा माथाही आकाशाबरोबर काळा होतो.

सांधण दरीत तर वरची आकाशाची फट फ्रेममध्ये घेऊच नका. भिंतींवर परतून येणारा उजेड इतका देखणा असतो की आकाशाची गरज पडत नाही.

गोदाकाठ

मनापासून आभार सगळ्यांचे. क्रम टिकवायचा हे एकदम पटलं, एनफ्यूज आजच उतरवतो. अजून एक: एजंट म्हणतोय बाल्कनीतून दिसणारा मोबाइल टॉवर काढून टाक आणि आकाश निळं कर.

उजेडवाट

आकाश निळं करायला माझी हरकत नाही, ढगाळ दिवशी मीही करते. फक्त खिडकीतून येणारा उजेडही उन्हाचा दिसायला हवा, नाहीतर खोटं लगेच कळतं. टॉवरला हात लावू नका. घेणारा माणूस आयुष्याची कमाई घालतोय आणि टॉवर तिथेच राहणार आहे. भिंतीवरचा खिळा किंवा फरशीवरची वायर काढा, ती उद्या तशीही निघणारच. एजंटला कामाच्या आधीच हे स्पष्ट सांगा.

खिडकीबाहेर

उजेडवाटताईंशी सहमत. टॉवर टाळायचाच असेल तर कॅमेरा बाल्कनीच्या दुसऱ्या कोपऱ्यात नेऊन बघा. आणि फोटो पाठवण्याआधी मोबाइलवर, ब्राइटनेस अर्धा करून बघा. गिऱ्हाईक तिथेच बघणार आहे, आणि मॉनिटरवर ठीक वाटलेले कोपरे तिथे काळे पडलेले असतात.