मदत हवी आहे: मॉर्मन या अमेरिकी धर्मपंथाशी जोडलेलं हत्याकांड, नक्की किती मेले आणि हुकूम कोणाचा? (तातडीचं)

घाईगडबड
उद्या सकाळी लेख द्यायचाय. मृतांचा आकडा एकीकडे १७, दुसरीकडे १२०, तिसरीकडे १४०. हुकूम वरून आला होता असंही ठासून लिहिलंय, नव्हता असंही. दोन ओळींत सांगा काय खरं. 'आधी वाचन करा' हा सल्ला नको.

तळटीप
कुठलं हत्याकांड? मिझुरीत मॉर्मन मेले, युटात मॉर्मनांनी मारलं. १७ मृत म्हणजे हॉन्स मिल, ३० ऑक्टोबर १८३८. १२० म्हणजे माउंटन मेडोज, ११ सप्टेंबर १८५७. दोन्ही एकाच पातेल्यात ढवळलीत का?

घाईगडबड
युटाच हो. आर्कान्साहून कॅलिफोर्नियाला निघालेला तांडा. तेच तर प्रसिद्ध आहे!

तळटीप
मग सांभाळा, १७ तिथेही आहे. पण ती वाचलेली लहान मुलं. 'ही बोलून दाखवणार नाहीत' एवढ्या वयाची म्हणून सोडलेली. १८५९ मध्ये सरकारी अधिकाऱ्यांनी ती मॉर्मन घरांतून गोळा करून नातेवाइकांकडे पाठवली. त्याच वर्षी मेजर कार्लटनच्या सैनिकांनी हाडं पुरून दगडांची रास उभारली, तिच्यावर १२० कोरलं होतं. तुमचा १४० मृतांचा आहे की अख्ख्या तांड्याचा, ते मूळ वाक्यात बघा. १२० मध्ये १७ मिळवले की जवळपास तिथेच पोचतो. 'सुमारे १२०' लिहा.

मैलाचा_दगड
हुकुमाचं उत्तर अंतरात आहे. दक्षिण युटातल्या सीडर सिटीचा मॉर्मन पुढारी आयझॅक हेट याने, काय करावं हे विचारायला, ७ सप्टेंबरला जेम्स हॅस्लमला घोड्यावरून सॉल्ट लेकला धाडलं, सुमारे २५० मैल. तो १० ला पोचला, त्याच दिवशी मॉर्मन चर्चचा प्रमुख ब्रिगॅम यंग याचं उत्तर घेऊन उलटा फिरला, परतला १३ ला. कत्तल ११ ला. उत्तरात 'तांड्याच्या वाटेला जाऊ नका' आहे. विषय संपला.

आग्यावेताळ
कसला संपला! त्याच पत्रात पुढे 'इंडियन (म्हणजे तिथले मूळ रहिवासी) त्यांना हवं ते करतील अशी आमची अपेक्षा आहे' असंही आहे. ते वाक्य गाळून पत्र नाचवायचं नाही. शिवाय यंगचा दुभाष्या डिमिक हंटिंग्टन याच्या डायरीतली १ सप्टेंबरची नोंद बघा. पायूट या स्थानिक जमातीचे प्रमुख यंगला भेटले आणि दक्षिण वाटेवरची गुरं त्यांना 'दिली' गेली. हा इशारा नाही तर काय?

मैलाचा_दगड
गुरं दिली, माणसं नव्हे. आणि ते प्रमुख ७ तारखेच्या पहिल्या हल्ल्याआधी तिथे परत पोचले, हे आधी दाखवा. नकाशा काढा, मग बोलू.

लघुलेखक
दोघंही मूळ कागद सोडून भांडताय. कत्तलीत सामील मॉर्मन जॉन डी. ली याच्यावरचे खटले १८७५ आणि १८७६ चे. साक्षी लघुलिपीत उतरवल्या होत्या. नंतर तयार झालेल्या साध्या लिपीतल्या प्रतींत गाळलेलं, बदललेलं बरंच आहे. म्हणून मूळ लघुलिपीवरून नव्याने केलेलं लिप्यंतर वापरा. लीच्या नावावरचा कबुलीजबाब तर त्याच्या मृत्यूनंतर वकिलाने छापला. त्यातलं वाक्य घ्याल तर 'वकिलाने छापलेल्या आवृत्तीनुसार' हे शब्द जोडा.

भटक्या
सेंट जॉर्जहून राज्यमार्ग १८ ने उत्तरेला जा. स्मारकं एकाहून जास्त आहेत, एकच बघून परतू नका.

घाईगडबड
मला जायचं नाहीये!! हल्ला पायूटांनी केला, मॉर्मन नुसते बघे होते, असं लिहू का?

तळटीप
मुळीच नाही. तीच तर मारेकऱ्यांनी तेव्हा पसरवलेली गोष्ट. पायूट किती होते, त्यांनी काय केलं, यावर आजही वाद आहे आणि पायूटांकडची सांगी वेगळी आहे. पण शेवटच्या दिवसाबद्दल संशय नको. लीने पांढरं निशाण नेलं, सुखरूप पोचवण्याचं वचन दिलं, शस्त्रं काढून घेतली. पुरुषांना वेगळं चालवलं, प्रत्येकाशेजारी एक मिलिशियावाला, म्हणजे स्थानिक मॉर्मन सशस्त्र दलाचा माणूस. मग इशारा झाला आणि ज्याने त्याने शेजारच्यावर गोळी झाडली.

हुकुमाचे तीन तुकडे करा. जागेवरचा हुकूम: हेट, त्याचा मिलिशियातला वरिष्ठ डेम आणि त्यांची मिलिशिया, इथे वाद फारसा नाही. वातावरण: अमेरिकी फौज युटावर चाल करून येत होती, चर्चमधली भाषणं जहाल होती. ही जबाबदारी यंगपर्यंत जाते. यंगचा थेट आदेश: असा कागद सापडलेला नाही. आणि नंतरची लपवाछपवी हा चौथा परिच्छेद, तो यात कालवू नका.

आग्यावेताळ
'सापडलेला नाही' म्हणजे 'नव्हता' असं नाही.

तळटीप
नाहीच. म्हणून 'सापडलेला नाही' एवढंच लिहायचं.

घाईगडबड
पण २००२ मध्ये शिशाचा पत्रा सापडलाय ना? त्यावर ली सरळ यंगचं नाव घेतो. तोच शेवट ठेवलाय, झकास जमलाय.

लघुलेखक
काढा! ॲरिझोनातल्या लीज फेरीला मिळालेला तो पत्रा दस्तऐवज तपासणाऱ्याने बनावट ठरवलाय. मॉर्मन कागदपत्रांची बनवेगिरी हा तिथला जुना धंदा. मार्क हॉफमनने १९८५ मध्ये ती झाकायला बॉम्ब ठेवून दोन जीव घेतले.

घाईगडबड
काढला. आता शेवट बोडका दिसतोय.

तळटीप
खटल्यावर थांबा. आरोप नऊ जणांवर, शिक्षा एकट्या लीला. २३ मार्च १८७७ ला माउंटन मेडोजलाच आणून गोळ्या घातल्या.

भटक्या
तीच जागा, राज्यमार्ग १८.