बेळगावची केए-22 एक्सपल्स चंदगडला आणायची आहे, पासिंगआधी काय तपासू?

काजूबाग_चंदगड यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. आमची काजूची बाग तिलारीच्या बाजूला आहे. पावसाळ्यात वाट म्हणजे नुसता लाल चिखल, साधी गाडी निम्म्यातच बसते. म्हणून हिरो एक्सपल्स 200 बघतोय. बेळगावात एकाकडे 2021 ची, केए-22 पासिंगची मिळते आहे. मालक हौशी, सुट्टीच्या दिवशी ग्रुपबरोबर जंगलात, ओढ्यात घालायचा. मागचा मडगार्ड कापलाय, सायलेन्सर बाहेरचा आहे, टायर मोठ्या गोट्यांचे, आणि चेसिसला नवी पावडर कोटिंग केली आहे. दिसायला एकदम नवी.

एक एजंट म्हणतो, एनओसी (तिकडच्या आरटीओचा ना-हरकत दाखला) आणा, बाकीचं मी बघतो, गाडी दाखवायचीसुद्धा गरज पडणार नाही. आता विचारायचं ते असं, की एमएच-09 ला पासिंग करताना आरटीओत सेफ्टी तपासतात ना? तिथं पास झाली म्हणजे गाडी ठणठणीत, असं धरून चालायचं का? आई पण मागं बसते, म्हणून जास्त काळजी.

पाना_नंबर_चौदा यांचं उत्तर

भावा, गडहिंग्लजला माझं गॅरेज आहे, बेळगावच्या गाड्या आमच्याकडं कायम येतात. आई मागं बसते म्हणालास, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिलं म्हणजे गाडी दाखवावीच लागते. जो नको म्हणतो त्याच्या हातात कागद देऊ नकोस. आरटीओत निरीक्षक मुख्यतः ओळख पटवतो. चेसिस नंबर, इंजिन नंबर, रंग आणि मॉडेल आरसीशी जुळतंय का, हे बघतो. पेन्सिलनं चेसिसची प्रिंट घेतात ती त्यासाठीच. लाइट, हॉर्न, आरसे, नंबरप्लेट यांवरही नजर टाकतात आणि केलेले बदल दिसले तर गाडी परत पाठवतात. पण खाजगी दुचाकीची खरी फिटनेस तपासणी येते 15 वर्षांनी, नोंदणी वाढवताना. 2021 च्या गाडीचा कोनसेट (हँडलच्या गळ्यातली बेअरिंग) गेलाय की चिमट्याचा, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचा बुश, ते तिथं कुणी उघडून बघणार नाही. ती तपासणी तुझी तू करून घ्यायची, आणि तीही पैसे देण्याआधी, बेळगावातच.

मला या गाडीत सगळ्यात जास्त खटकतंय ते पावडर कोटिंग. चेसिस नंबर हँडलखाली, गळ्यावर ठोकलेला असतो. कोटिंग जाड बसलं की अक्षरं भरून जातात, प्रिंट उमटत नाही. घासून काढायला गेलं आणि एखादा आकडा बिघडला, तर चांगल्या गाडीवरही संशय येतो. दुसरी गोष्ट याहून वाईट. जंगलात उड्या मारलेल्या गाडीला चीर जाते ती गळ्याच्या वेल्डिंगला आणि चिमटा जिथं चेसिसला बसतो तिथं. कोटिंगखाली ती चीर झाकली जाते. नव्या रंगामागं कारण असतंच असं मी म्हणत नाही, पण टाकी काढून, टॉर्च घेऊन प्रत्येक जोड बघितल्याशिवाय मी ही गाडी घेऊ देणार नाही. कोटिंगवर बारीक केसासारखी रेघ किंवा गंजाचा ओघळ दिसला तर तिथूनच माघारी ये. फूटरेस्टचे ब्रॅकेट आणि खालची प्लेट किती चेपलीय त्यावरून गाडी कितीदा आपटलीय ते कळतं.

मग पुढचं चाक उचलून हँडल अगदी सावकाश डावी-उजवीकडं फिरव. मधोमध आल्यावर टक्‌ करून अडकलं तर कोनसेट संपला. फोर्क खालून धरून मागं-पुढं हलव, खडखड आली तरी तेच. मागचं चाक आडवं हलवून चिमट्याचा बुश कळतो. सगळ्या स्पोकवर पान्यानं हळूच टिचकी मार, सैल स्पोक बद्द वाजतो. चाक फिरवून रिम आउट, म्हणजे वाकडी आहे का बघ. ओढ्यात घातलेली गाडी आहे, तेव्हा व्हील बेअरिंगला गंज असणार असंच धरून चाल. इंजिन ऑईल चहासारखं दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय. एअर फिल्टरच्या डब्यात फिल्टरच्या पलीकडच्या बाजूला माती सापडली, तर पिस्टनच्या रिंगा खाल्लेल्या असणार.

ब्रेकचं तर नक्की बघ. डिस्कवरच किमान जाडी कोरलेली असते, व्हर्नियर कॅलिपर लावून मोज. एक्सपल्सला सिंगल चॅनल एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) आहे, फक्त पुढच्या चाकाला. मातीत फिरणारे कधी कधी त्याचा फ्यूज काढून ठेवतात. किल्ली ऑन केली की एबीएसचा दिवा लागला पाहिजे आणि गाडी थोडी पळाल्यावर विझला पाहिजे. मुळात लागलाच नाही तर कुणीतरी दिव्याचाच बंदोबस्त केलाय. साइड स्टँडचा कटऑफ (स्टँड खाली असताना इंजिन बंद करणारा स्विच) असेल तर तोही असाच जोडून टाकलेला असतो, तो परत चालू करून घे.

टायरच्या बगलेवर ‘नॉट फॉर हायवे सर्व्हिस’ लिहिलंय का वाच. असेल तर ते निव्वळ मातीचे टायर, ओल्या डांबरावर धरत नाहीत. कंपनीचं माप पुढं 90/90-21, मागं 120/80-18. बगलेवरचे चार आकडेही बघ. 2321 असेल तर 2021 च्या 23 व्या आठवड्यातला टायर.

मडगार्ड, सारी गार्ड, मागच्याला धरायची पकड हे सगळं कंपनीचं परत लावायचं. पासिंगसाठी लागतंच. मोटार वाहन नियम 123 मध्ये मागं बसणाऱ्यासाठी पकड, फूटरेस्ट आणि मागचं निम्मं चाक झाकणारी जाळी सांगितली आहे. पण तुझ्या घरी तर आईचं लुगडं चाकात जाऊ नये म्हणूनच ती हवी. सायलेन्सरही मूळचाच लागेल. मालकाकडं जुने सुटे भाग पडून असतील तर सौद्यातच मागून घे, नंतर बाजारात शोधत बसणं महागात जातं.

सावंतवाडी_मातीवाट यांचं उत्तर

वरचं सगळं बरोबर. एक भर घालतो, कारण आमच्याकडे गोव्यातून आणि बेंगळुरूहून गाड्या आणणारे बरेच आहेत. एक्सपल्स निदान रस्त्यावरची गाडी आहे. कावासाकी केएलएक्स 140 किंवा केएक्स 250 स्वस्तात मिळते म्हणून कोणी घेऊ नका. त्या स्पर्धेच्या आणि खाजगी जागेतल्या गाड्या, त्यांची नोंदणीच होत नाही. आरसीच नसते, तर एनओसी कुठून येणार? लाइट-आरसे लावले तरी कुठलीही तपासणी त्यांना रस्त्यावर आणू शकत नाही. अपघात झाला तर विमाही नाही.

काजूबाग_चंदगड

दादा, खूप आभार. कागदांचं पण सांगा. आणि लोक म्हणतात 12 महिने केए नंबरवरच चालते, ते खरं का?

पाना_नंबर_चौदा

ती 12 महिन्यांची सवलत मोटार वाहन कायद्याच्या कलम 47 ची. ज्याची गाडी तोच दुसऱ्या राज्यात राहायला आला, त्याच्यासाठी. तू विकत घेतोयस, त्यामुळं मालकी तुझ्या नावावर करायचा अर्ज 30 दिवसांत द्यावा लागतो. नाहीतर उद्या काही घडलं तर आरसीवर मालक दुसराच.

बेळगावचा मालक फॉर्म 28 भरून एनओसी काढेल. कर्ज असेल तर आधी बँकेचा बोजा उतरवून घ्यायचा, फॉर्म 35. चलन थकलंय का तेही बघ. इकडं नव्या नंबरसाठी फॉर्म 27, नावासाठी 29 आणि 30, सोबत चालू विमा, पीयूसी आणि गाडी चोरीची नाही याचा पोलिसांच्या नोंदीतला दाखला. महाराष्ट्राचा कर वेगळा भरावा लागतो. कर्नाटकात भरलेल्या करातली उरलेली रक्कम तिकडच्या आरटीओकडं मागायची असते, ती कुणी मागायची हे मालकाशी आधीच ठरवून लिहून घ्या. विमा 14 दिवसांत नावावर करायला टाक. नंबर मिळाला की नवी एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर) प्लेट लावायची.

क्रम मात्र बदलू नकोस. आधी टाकी काढून चेसिस बघणं, मग तिथंच मालकासमोर पेन्सिलनं प्रिंट घेऊन बघणं. सगळे आकडे स्वच्छ उमटले आणि आरसीशी जुळले, तरच बयाणा. टाकी काढायला मालक नको म्हणाला तर गाडी सोडून दे, एक्सपल्स दुसरीही मिळेल. बेळगावात ओळखीचा मिस्त्री नसेल तर सांग, रविवारी मी येतो बघायला.

काजूबाग_चंदगड

या रविवारी नक्की या दादा. मालकाला आत्ताच फोन केला, टाकी काढायला तो तयार आहे. मूळचा मडगार्ड आणि सायलेन्सर माळ्यावर आहेत म्हणाला, सारी गार्ड मात्र त्यानं टाकून दिलाय.

पाना_नंबर_चौदा

सारी गार्डचं मी बघतो. सकाळी लवकर निघू, ऊन चढायच्या आत चेसिस बघायला बरं पडतं.