उन्हाळ्याच्या तोंडावर सोलापुरात महाविद्यालयीन फुटबॉल संघाचा सराव कसा आखावा?

मधली फळी (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. सोलापुरातील एका महाविद्यालयाच्या जिमखाना विभागात मी काम करतो आणि गेली तीन वर्षे मुलांच्या फुटबॉल संघाची जबाबदारी माझ्याकडे आहे. आमच्याकडची आजवरची रीत अशी, की प्रवेश पूर्ण झाल्यावर जुलैच्या अखेरीस निवड चाचणी घ्यायची आणि जेमतेम महिनाभराचा सराव होतो न होतो तोच संघ आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेला न्यायचा. त्या महिन्यातही पाऊस झाला, की आमच्या काळ्या मातीच्या मैदानावर बुटांच्या तळाला चिखलाचे थर चढतात आणि पास देण्याचा सराव बाजूला राहून मुले नुसता तोल सांभाळत राहतात. गेल्या वर्षी आम्ही दुसऱ्याच सामन्यात बाहेर पडलो. हरल्याचे दुःख मला तेवढे नाही. परंतु आमचा बचावपटू आणि गोलरक्षक एकाच चेंडूवर धावले, दोघांपैकी कोणीही हाक दिली नाही आणि चेंडू दोघांच्या मधून जाळ्यात गेला, ते दृश्य अजून डोळ्यांसमोरून जात नाही. दोन्ही मुले गुणी आहेत. त्यांना एकमेकांची सवय व्हायला आम्ही वेळच दिला नव्हता.

यंदा प्राचार्यांनी मार्च-एप्रिलमध्ये सराव घेण्यास प्रथमच संमती दिली आहे. अमेरिकेतील महाविद्यालयांत हंगाम संपल्यानंतर वसंत ऋतूत असा सराव घेण्याची प्रथा आहे, असे मी वाचले आहे. त्यांचा फुटबॉल अंडाकृती चेंडूचा आणि अंगाला अंग भिडवण्याचा, आपला पायाने खेळायचा, हा फरक मला ठाऊक आहे. तरीही स्पर्धा डोक्यावर नसताना शांतपणे संघ बांधण्याची कल्पना मनाला पटली.

संघात सध्या 19 मुले आहेत. गोलरक्षक आणि मधले दोन्ही बचावपटू शेवटच्या वर्षाला आहेत, म्हणजे जूनपासून ते नसतील. चार मुलांचे रोजे चालू आहेत. ईद आणि गुढीपाडवा पाठोपाठ येत असल्यामुळे ते दोन्ही सण झाल्यावर सुरुवात करावी, असा विचार आहे. तोवर ऊन चांगलेच तापलेले असेल आणि पुढे परीक्षाही आहेत. अशा स्थितीत सराव किती दिवस व कोणत्या वेळी ठेवावा, भेगाळलेल्या मैदानाचे काय करावे आणि या काळात सामने खेळवावेत की मूलभूत कौशल्यांवरच भर द्यावा, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

जुना गोलरक्षक

सर, वेळेचा निर्णय आधी करा. बाकीचे सारे त्यावर अवलंबून आहे. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात सोलापुरात सूर्योदय साधारण साडेसहाला होतो. फटफटताच, म्हणजे सव्वासहाला मुले मैदानावर आली तर पावणेआठपर्यंत चांगले दीड तास मिळतात, आणि आठ वाजल्यानंतर एकही मिनिट नको. संध्याकाळचा मोह टाळावा. पाच वाजता ऊन उतरल्यासारखे वाटते, पण दिवसभर तापलेली काळी जमीन तेव्हा उष्णता बाहेर टाकत असते आणि ती थेट पोटऱ्यांना जाणवते.

हे मी अनुभवाने लिहीत आहे. काही वर्षांपूर्वी एप्रिलमधल्या एका स्पर्धेत आमचा सामना दुपारी चार वाजता ठेवला होता. मध्यंतरानंतर आमचा डावा आघाडीपटू चेंडू घेऊन आपल्याच गोलच्या दिशेने धावू लागला. बाकावरच्या सगळ्यांना वाटले, की तो गोंधळला आहे. मी ओरडलो, तर त्याने माझ्याकडे पाहिले, पण त्या नजरेत ओळख नव्हती. त्याला ऊन लागले होते. मैदानावर ना बर्फ होता ना रुग्णवाहिका. रिक्षातून नेले आणि सुदैवाने मुलगा वाचला. त्या दिवसापासून माझ्या देखरेखीखालचा एकही सराव मी उन्हात घेतलेला नाही.

मैदानाविषयी. काळी माती सुकली की आक्रसते आणि फाल्गुन संपेपर्यंत तिला बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. चेंडू भेगेच्या कडेवर आदळला की कुठेही उडतो आणि घोटा मुरगळण्याची भीती वेगळीच. संपूर्ण मैदानाला पाणी घालण्याचा विचारही करू नका. ज्या शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येते, तिथे ते शोभणारही नाही. मैदानाच्या एका कोपऱ्यात 40 मीटर लांब आणि 30 मीटर रुंद एवढाच तुकडा निवडा, भेगांमध्ये चाळलेली माती भरा, कूपनलिकेचे पाणी संध्याकाळी शिंपडून सकाळी रोलर फिरवा. पाचास पाच खेळायला तेवढी जागा पुरते आणि खरे तर तेवढ्याच जागेत मुलांना चेंडू लवकर सोडायची सवय लागते. लांब स्टडचे बूट या जमिनीवर नकोत; आखूड रबरी स्टड किंवा साधे टर्फचे बूट चालतील.

आता गोलरक्षक. नव्या मुलाला या कडक जमिनीवर सूर मारायला लावलेत तर चार दिवसांत त्याचे कोपर आणि कंबर सोलून निघेल आणि मनात बसलेली भीती पुढे वर्षभर जाणार नाही. आपल्याकडे लांब उडीचा वाळूचा हौद असेलच. सूर मारण्याचा सगळा सराव तिथे घ्या. आणि त्याला बोलायला शिकवा. आपल्या संघात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारी मुले एकत्र असतात. ऐन क्षणी प्रत्येकाच्या तोंडून आपापल्या घरची भाषा बाहेर पडते. म्हणून पहिल्याच दिवशी सगळ्यांना बसवून चार हाका ठरवा: चेंडू माझा, सोड, मागे माणूस, पलटव. गेल्या वर्षीचा तो गोल मला त्या हाकेअभावीच झालेला दिसतो.

होटगी रोड

मी मूळचा सोलापूरचा. पदव्युत्तर शिक्षणासाठी अमेरिकेत होतो आणि वसतिगृहाच्या खिडकीतून विद्यापीठाच्या संघाचा हा वसंतातला सराव दोन वर्षे पाहिला आहे. त्याची रचना आपल्याला उपयोगी पडेल, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

तिथे त्यांचा हंगाम साधारणतः ऑगस्टच्या अखेरीस सुरू होऊन डिसेंबर-जानेवारीपर्यंत चालतो. वसंतातल्या सरावावर राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने मर्यादा घातलेली आहे: एकूण 15 सराव, तेही 34 दिवसांच्या आत. सुरुवातीच्या सरावांत अंगावरची संरक्षक साधने नसतात आणि एकमेकांना पाडण्याचा खेळ नंतर, तोही मोजून, येतो. शेवटी अनेक ठिकाणी संघाचेच दोन भाग करून एक सामना खेळवतात आणि तो पाहायला गावची मंडळी मुलाबाळांसह येतात. त्या सामन्यात कोण जिंकले, हे आठवडाभरात कोणाच्या लक्षातही राहत नाही. प्रशिक्षकांचे लक्ष वेगळ्याच गोष्टीकडे असते. पदवी घेऊन गेलेल्या खेळाडूच्या जागी कोण उभा राहू शकतो, हे त्यांना पाहायचे असते आणि प्रत्येक जागेसाठी पहिला कोण, दुसरा कोण, असा तक्ता ते या महिन्यात तयार करतात. आपले तीन खेळाडू जाणार आहेत, तेव्हा हा तक्ता आपल्यालाही करावा लागेल, आणि माझ्या मते जाणाऱ्या तिघांना सरावातून मोकळे करण्याऐवजी त्यांच्या जागेवर येणाऱ्या मुलाशेजारी उभे करावे.

मात्र एक फरक नीट लक्षात घ्यावा. तिथे वसंत म्हणजे थंडी ओसरून हवा सुखद होण्याचा काळ. सराव पुढे सरकतो तसे दिवस खेळायला अधिक चांगले होत जातात. आपल्याकडे नेमके उलटे आहे. आपला पहिला दिवस सगळ्यांत सुसह्य आणि शेवटचा दिवस सगळ्यांत कठीण असणार. म्हणून 15 हा आकडा त्यांच्या वसंताकडून घ्यावा, पण उन्हाची शिस्त त्यांच्या ऑगस्टकडून घ्यावी. ऑगस्टमध्ये तिथेही कडक ऊन असते आणि 2003 मध्ये तिथे पहिले पाच दिवस शरीराला उष्णतेची सवय होण्यासाठी राखून ठेवण्याचा नियम झाला; 2021 मध्ये ते सात दिवस करण्यात आले.

पोटरी आणि घोटा

मी फिजिओथेरपिस्ट आहे. माझ्याकडे एप्रिल-मे महिन्यांत येणाऱ्या खेळाडूंपैकी अनेक जण मार्चमधल्या घाईमुळे आलेले असतात, म्हणून कळकळीने लिहीत आहे.

वरच्या प्रतिसादातील पाच दिवसांचा मुद्दा अत्यंत महत्त्वाचा आहे. 1 ऑगस्ट 2001 रोजी कोरी स्ट्रिंगर हा अमेरिकेतील व्यावसायिक खेळाडू हंगामपूर्व सरावात उष्माघात होऊन 27 व्या वर्षी मरण पावला आणि त्यानंतर तिथे या विषयाकडे गांभीर्याने पाहिले जाऊ लागले. उष्णतेशी जुळवून घ्यायला शरीराला साधारण 10 ते 14 दिवस लागतात. या काळात रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते, घाम लवकर सुटू लागतो आणि त्यातून मीठ कमी जाते. ही सवय एक-दोन दिवस थकवणारा सराव घेऊन मध्ये चार दिवस सुट्टी दिल्याने लागत नाही. ती रोज थोडे थोडे करूनच लागते. म्हणून पहिल्या आठवड्यात रोज, पण पाऊण तासच सराव ठेवा. रोजे पाळलेल्या मुलांची झोपेची आणि जेवणाची वेळ महिनाभर बदललेली असते. त्यांना सुरुवातीचे चार-पाच दिवस आणखी हलके ठेवा आणि ते इतरांसमोर कमीपणाचे वाटणार नाही, अशा पद्धतीने सांगा.

एक वजनकाटा आणा. सरावाआधी आणि सरावानंतर प्रत्येकाचे वजन वहीत लिहा. 60 किलोच्या मुलाचे वजन 1.2 किलोने घटले, तर ते 2 टक्के झाले आणि तिथून खेळावर परिणाम दिसू लागतो. घटलेल्या प्रत्येक किलोमागे पुढच्या काही तासांत सुमारे दीड लिटर द्रव पोटात जायला हवा. मीठ घातलेले ताक किंवा लिंबाचे सरबत उत्तम. एक लिटर पिण्याच्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे घरगुती प्रमाण मुलांकडून पाठच करून घ्या. ज्या मुलाच्या बनियनवर वाळल्यावर पांढरे ओघळ दिसतात, त्याचे मीठ अधिक जाते; त्याच्याकडे विशेष लक्ष असू द्या.

सरावाआधी फिफाचा 11+ हा सुमारे 20 मिनिटांचा कार्यक्रम अवश्य घ्यावा. त्यात हलके धावणे, मग पोट, मांड्या व तोल यांचे व्यायाम, आणि शेवटी वेगाने धावणे व दिशा बदलणे, असे तीन भाग असून एकूण 15 व्यायाम आहेत. चेंडूखेरीज साहित्य लागत नाही. आठवड्यातून किमान दोनदा नियमाने केल्यास दुखापतींचे प्रमाण सुमारे 30 टक्क्यांनी कमी होते, असे अभ्यासांत आढळले आहे. गुडघ्यांवर बसून, जोडीदाराने घोटे धरून ठेवलेले असताना पुढे हळूहळू झुकण्याचा व्यायाम मुलांना नकोसा वाटतो, पण मांडीच्या मागच्या स्नायूला तोच वाचवतो. सुरुवातीला तीन ते पाच वेळाच करून घ्या, नाहीतर दुसऱ्या दिवशी कोणाला जिना चढवणार नाही.

आणि जुन्या गोलरक्षक काकांनी सांगितलेला प्रसंग पुन्हा कधी आलाच, तर मुलाला आधी थंड करा, मग हलवा. सावलीत घेऊन बर्फाच्या पाण्यात भिजवलेले टॉवेल मान, काखा आणि जांघेत ठेवावेत, अंगावर पाणी ओतत राहावे आणि त्याच वेळी दुसऱ्याने 108 ला फोन करावा. भान हरपलेल्या मुलाच्या तोंडात पाणी घालू नये. टॉवेलांची आपल्या गावात वाण नाही. बर्फाची पेटी मात्र रोज मैदानावर हवीच.

मधली फळी

काका, ताई आणि होटगी रोड यांचे मनापासून आभार. सगळ्यांचे वाचून आराखडा असा केला आहे: ईदनंतरच्या सोमवारपासून चार आठवडे, एकूण 15 सकाळी. पहिल्या आठवड्यात पाच दिवस, प्रत्येकी पाऊण तास. दुसऱ्यात चार दिवस, एक तास. शेवटच्या दोन आठवड्यांत तीन-तीन दिवस, दीड तास. पहिले नऊ दिवस फक्त चेंडू थांबवणे, पास आणि हाका, तेही त्या लहान तुकड्यावर. दहाव्या सकाळपासून पाचास पाच आणि शेवटच्या दिवशी आपसांत एक सामना, तो मात्र मोठ्या मैदानावर आणि 30-30 मिनिटांचा. ज्या दिवशी एखाद्या मुलाची प्रात्यक्षिक परीक्षा असेल, त्या दिवशी त्याने येऊ नये, असे लेखी कळवणार आहे, म्हणजे घरच्यांनाही चिंता राहणार नाही. जाणाऱ्या तिघांशी काल बोललो. आमचा गोलरक्षक क्षणभर गप्प राहिला आणि मग म्हणाला, "सर, मी रोज येतो, पण त्याला हातमोजे लागतील, माझे फाटले आहेत."

वजनकाट्यासाठी जिमखान्यात अर्ज दिला आहे. वाळूचा हौद आज पाहिला. गवत वाढले आहे, पण वाळू पुरेशी आहे.

जुना गोलरक्षक

आराखडा उत्तम झाला आहे, सर. हौदातले गवत काढल्यावर फावड्याने दीड फूट उकरून वाळू चाळून घ्या. वरचा थर मऊ दिसतो, पण खाली खडे आणि क्वचित काचही सापडते. हातमोज्यांचे दोन जोड माझ्याकडे आहेत, फार वापरलेले नाहीत. सोमवारी सव्वासहाला घेऊन येतो.