फाइल कोणीच उघडलेली नाही, तरी ‘लॉक्ड फॉर एडिटिंग’! मदत हवी आहे

ऑफिसात विंडोज सर्व्हर २०१९ आहे. त्यावरचा शेअर्ड फोल्डर सगळ्यांना झेड ड्राइव्ह म्हणून मॅप केलाय. क्लायंट विंडोज १० आणि ११, एक्सेल २०१९. जीएसटीची एक्सेल शीट दोन-तीन जण आळीपाळीने वापरतात. मधूनच ती फक्त रीड-ओन्ली उघडते आणि मेसेजमध्ये अशा माणसाचं नाव येतं जो पीसी बंद करून कधीच घरी गेलेला असतो.

कॉम्प्युटर मॅनेजमेंटमधल्या ‘ओपन फाइल्स’मध्ये नोंद दिसली तर ‘क्लोज ओपन फाइल’ केल्यावर काम होतं. बहुतेकदा ती नोंद वाय-फायवरच्या, झाकण मिटून ठेवलेल्या लॅपटॉपची असते, ते एकवेळ समजू शकतं. कधी ~$ ने सुरू होणारी लपलेली फाइल (शीट कोणी उघडलीय हे नोंदवायला एक्सेल बनवतं ती) मागे राहते, ती डिलीट केली की सुटतं. पण कधी कधी यादीत काही नसतं, ~$ फाइलही नसते, तरी लॉक कायम! यानेच डोकं फिरलंय.

एक्सप्लोररचा प्रीव्ह्यू पेन सगळीकडे बंद केलाय, अँटिव्हायरसमधून फोल्डर वगळलाय, ऑफलाइन फाइल्स वापरत नाही. सर्व्हर दिवसा रीस्टार्ट करता येत नाही (टॅलीचा डेटा त्यावरच आहे) आणि शीटमध्ये मॅक्रो असल्यामुळे ‘क्लाउडवर टाका’ हा सल्ला कृपया नको.

यादी रिकामी असताना लॉक नेमकं कोण धरून बसलंय हे सर्व्हरवर कसं शोधायचं? आणि ऑपलॉक (क्लायंटला फाइल स्वतःकडे कॅश करू देणारी सर्व्हरची सोय) बंद केले तर टॅलीच्या वेगावर परिणाम होईल का?