ई२० पेट्रोल आणि बाबांची जुनी स्कूटर, नक्की काय होतंय?

सुदामानगरकर
मंडळी नमस्कार, इंदूरहून लिहितोय. घरी बाबांची २००९ ची स्कूटर आहे, कार्बोरेटरवाली, रोज सकाळी पोहे-जलेबी आणायला आणि संध्याकाळी देवळापर्यंत, एवढीच चालते. आधी ४५ चं अ‍ॅव्हरेज द्यायची, या पावसाळ्यानंतर ३८ वर आलीये आणि सकाळी पंधरा-वीस किका मारल्याशिवाय बोलत नाही, मग बाबा तो राग माझ्यावर काढतात. मिस्त्री म्हणतो भिया हे सगळं पेट्रोलमधल्या इथेनॉलचं (ऊस-मक्यापासून काढतात ते अल्कोहोल), आता जुन्या गाड्या बसणारच. पंपावर विचारलं तर पोरगा म्हणे सगळीकडे हेच ई२० आहे, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं, टाकू की नको? मोबाईलवर एक जण म्हणतो इंजिन संपलं, दुसरा म्हणतो ब्राझीलमध्ये केव्हापासून चालतंय. गाडी काढून टाकायची का? (बाबा काढू देणार नाहीत ते सोडा.)

टू-स्ट्रोक काका
अरे थांब जरा, आधी हिशेब कर. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी, म्हणून २० टक्के मिसळलं की साडेसहा-सात टक्क्यांची खोट येते, आणि त्यातलं १० टक्के तर २०२२ पासूनच आपल्या टाकीत आहे, म्हणजे नवीन फरक तीन-साडेतीन टक्क्यांचा. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातही दुचाकीला ३-४ टक्केच धरलेत. ४५ चे ४३ झाले असते तर मी म्हटलं असतं हो बाबा इथेनॉल. ३८ म्हणजे पंधरा टक्के गेले की! एअर फिल्टर शेवटचा कधी बदललास ते सांग.

पाना-पक्कड
काकांचा हिशेब बरोबर आहे पण दुखणं दुसरीकडे आहे. गाडी दिवसाला दोन-तीन किलोमीटर चालते म्हणजे एकदा भरलेलं पेट्रोल महिनाभर तसंच पडून. इथेनॉल पाणी ओढतं. टाकीच्या झाकणाचं रबर गेलेलं असेल तर पावसाचं पाणी थेंब थेंब आत जातं, पूर्वी ते पाणी तळाशी गुपचूप पडून राहायचं, आता जास्त झालं की इथेनॉल पेट्रोलला सोडून त्या पाण्याबरोबर खाली बसतं आणि सकाळी कार्बोरेटरला पहिला घोट तोच मिळतो. किका मारा मग.

मागच्या आठवड्यात अशाच एका गाडीचं फ्लोट चेंबर, म्हणजे कार्बोरेटरखालची पेट्रोलची वाटी, उघडलं. तळाला पांढुरका चिकट थर, जेटचं, म्हणजे पेट्रोल पुढे जातं ते बारीक भोक अर्धं बुजलेलं, आणि वाटीचं रबर फुगून इतकं लांब झालेलं की खाचेत परत जाईना, एका बाजूने दाबलं की दुसरीकडून वर. रबर चाळीस-पन्नास रुपयांचं, त्यासाठी गाडी विकता काय? कार्बोरेटर साफ करून घ्या, रबरं आणि पाईप नवीन टाका, हवेचा स्क्रू परत सेट करा कारण इथेनॉलला हवा कमी लागते आणि जुन्या सेटिंगवर हवा जास्त होऊन मिश्रण पातळ पडतं, इंजिन तापतं. कार्बोरेटरऐवजी इंजेक्शन असलेल्या गाड्यांत सेन्सर बऱ्यापैकी सांभाळून घेतो, आणि एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्यांना रबर-प्लास्टिक ई२० ला टिकेल असंच दिलेलं आहे. टाकी फुल करू नका, आठवड्यापुरतंच भरा.

पंपावर शंका असेल तर काचेच्या उभ्या मापात १०० मिली पेट्रोल घ्या, १० मिली पाणी टाका, हलवून ठेवा. साधं पेट्रोल असेल तर खालचा थर दहाचाच राहील, ई२० असेल तर इथेनॉल पाण्यात उतरून तो तीसच्या आसपास जाईल. अंगणात करा, गॅसजवळ नको.

निमाडी मका
सगळे गाडीवर बोलताय, आमच्याकडचं पण ऐका. आमचं शेत खंडव्याकडे. इथेनॉल आता उसापेक्षा मक्यापासून जास्त बनतं, मक्याच्या एका क्विंटलमधून ३८ लिटरच्या आसपास निघतं. म्हणून लोकांनी मका वाढवला, २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला २४०० होता आणि आमचा गेला त्याच्या बराच खाली. बरं, मक्यातून इथेनॉल काढल्यावर जो चोथा उरतो, डीडीजीएस म्हणतात, तो कोंबड्यांच्या आणि गुरांच्या खाद्यात जातो आणि सोयापेंडीपेक्षा (सोयाबीनचं तेल काढून उरते ती) स्वस्त पडतो, म्हणून पेंडीला गिऱ्हाईक कमी आणि पेंड पडली की सोयाबीन पडतं. तुमच्या इंदूरच्या तेलवाल्यांना विचारा, तेच ओरडतायत. मका लावला तरी आम्हीच, सोयाबीन लावलं तरी आम्हीच! तरीही बंद करा म्हणणार नाही, कारण कारखाना उभा राहिला म्हणून निदान मक्याला विचारणारा दुसरा कोणीतरी आला.

चहात_बुडालेली_ताई
दादा हे माहीतच नव्हतं. फायदे मलाही मान्य आहेत, कच्चं तेल बहुतेक बाहेरूनच येतं, ऑक्टेन वाढतो म्हणजे इंजिन ठोकत नाही, धुरातला कार्बन मोनॉक्साईड कमी होतो. माझा राग वेगळाच आहे. ब्राझीलचं उदाहरण देणारे अर्धंच सांगतात, तिथे पंपावर इथेनॉल वेगळं पण मिळतं आणि त्याचा भाव पेट्रोलच्या ७० टक्क्यांच्या आत असला तरच लोक ते भरतात, गाड्याही दोन्हीवर चालणाऱ्या. आपल्याकडे एकच नळी आणि एकच भाव. अ‍ॅव्हरेज कमी देता ना, मग दोन रुपये तरी कमी करा की.

सुदामानगरकर
अपडेट. वाटीचं रबर खरंच फुगलेलं निघालं आणि टाकीचं झाकण पण बदललं, एअर फिल्टर तर काका बोलायलाच नको, त्यात अख्खं कबुतराचं पीस होतं. आता तिसऱ्या किकेत सुरू होते, अ‍ॅव्हरेज ४२ च्या जवळपास. ते पाण्याचं पण केलं, बाबांच्या होमिओपॅथीच्या मापात, खालचा थर बरोबर तीसच्या रेघेवर. बाबा चष्मा लावून बराच वेळ बघत बसले होते. आता म्हणतायत माप धुऊन दे.