एनएस-३ या नेटवर्क सिम्युलेटरमधलं मोठं सिम्युलेशन फास्ट कसं करायचं? मदत हवी आहे
नमस्कार मंडळी, एमटेकच्या प्रोजेक्टसाठी एनएस-३ मध्ये डेटा सेंटरचं फॅट-ट्री नेटवर्क (स्विचचे थर झाडासारखे जोडलेलं) उभं केलंय, १६ पोर्टचे ३२० स्विच आणि १०२४ होस्ट, आणि टीसीपी ट्रॅफिक सोडलं की सिम्युलेशनमधला एक सेकंद संपायला अख्खी रात्र जाते. ऑप्टिमाइज्ड बिल्ड करून झालं, पीकॅप (पॅकेटचं रेकॉर्डिंग) आणि लॉगिंग बंद केलं, त्याने बराच फरक पडला. निक्स-व्हेक्टर राउटिंग (गरज पडेल तेव्हाच मार्ग काढणारं) लावलं तर सुरुवात झटकन होते पण ईसीएमपी (सारख्याच खर्चाच्या अनेक मार्गांवर ट्रॅफिक वाटणं) मिळत नाही, आणि मला तर नेमकं लोड बॅलन्सिंगच बघायचंय.

आता एमपीआयने (काम अनेक प्रोसेसमध्ये वाटून) पॉड, म्हणजे फॅट-ट्रीमधले स्विच-होस्टचे गट, वेगवेगळ्या कोअरवर टाकलेत, पण खरी अडचण इथेच आहे, लुकअहेड (एक प्रोसेस बाकीच्यांसाठी न थांबता किती पुढे जाऊ शकते ते) ठरतो लिंकच्या डिलेवर आणि माझा डिले १ मायक्रोसेकंद, त्यामुळे सगळ्या प्रोसेस सारख्या एकमेकांसाठी थांबत बसतात, ८ कोअर लावून दुप्पट स्पीडसुद्धा मिळत नाही. डिले वाढवला तर पळतं, पण मग आरटीटी (पॅकेट जाऊन उत्तर परत यायचा वेळ) बदलतो नि रिझल्टला काही अर्थ उरत नाही.

नल मेसेजवाल्या पद्धतीने (प्रोसेस एकमेकींना 'इतक्या वेळेपर्यंत माझ्याकडून काही येणार नाही' असं कळवतात ती) फायदा होईल का? आणि एनएस-३ साठीचं मल्टिथ्रेडवालं यूनिसन कोणी चालवलंय का? फ्लो लेव्हलला (एकेक पॅकेट न बघता फक्त फ्लोचा हिशोब) जायचं नाहीये, क्यू कशी भरते तेच बघायचंय. कोणाला अनुभव असेल तर प्लीज जरा सविस्तर सांगा.